नागवेलीची फाइल

पक्षाघाताचा झटका आल्यापासून दार्साच्या तोंडात एकच शब्द उरला होता, 'एन्या'. एन्या म्हणजे हो. भूक लागली का, एन्या. पोट भरलं का, एन्या. पंखा लावू का म्हटलं तरी एन्या आणि बंद करू का म्हटलं तरी एन्या. डोक्यात डावीकडे मार बसला की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. उजवा हात-पाय जातो, बोलणं जातं, एखाद्याच्या जिभेवर एखादा शब्द तेवढा मागे राहतो. "त्यांना कळतं का सगळं?" असं इमासने विचारलं, तेव्हा पुढच्या पेशंटकडे बघत ते म्हणाले, "कळत असेल थोडंफार. बोलत राहा त्यांच्याशी." म्हणून इमास बोलत राहिली. मुळात ती अबोल बाई. लग्न झाल्यापासून घरातलं बोलणं सगळं दार्साच करायचा. आता दिवसभर एकटीनेच प्रश्न विचारून तिचा जबडा दुखायचा, आणि आपण नवऱ्याशी बोलतोय की भिंतीशी, हे काही तिला उमगत नव्हतं.

कावालू गावात घरोघरी भरतकाम. पूर्वी बायका पायाच्या मशीनवर बसून हाताने कापड फिरवत फुलं काढायच्या, इमासही तेच करायची. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली. कानामागून आली आणि तिखट झाली. दार्साने सहा डोक्यांची, म्हणजे एका वेळी सहा ठिकाणी शिवणारी, एक जुनी मशीन घेतली आणि स्वतः पंचिंग शिकला. पंचिंग म्हणजे पडद्यावर चित्र काढून सुईची वाट ठरवायची: आधी देठ की आधी पान, कुठून कुठे उडी मारायची, दोरा कुठे कापायचा. ते सगळं एका फाइलीत भरलं जातं. ती फाइल माणसाला वाचता येत नाही, ती सुईसाठी असते. दार्साच्या फाइलींवर मशीन इतकी गुमान चालायची की शेजारचे लोक बघायला यायचे, आणि दार्सा त्यांना चहा पाजून वर तासभर बोलत बसायचा.

त्या फाइली उघडायचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या कुशीत एक बोटभर किल्ली खोचल्याशिवाय चालत नसे. गेल्या महिन्यात दार्साची चाकाची खुर्ची वळवताना तिचा दांडा त्या किल्लीवर बसला आणि किल्लीचे दोन तुकडे झाले. प्रोग्रॅम इतका जुना की तसली किल्ली आता कुणी बनवत नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. फाइली कॉम्प्युटरमध्ये होत्या, पेनड्राइव्हने मशीनवर नेता येत होत्या, पण कुठल्या फाइलीत काय आहे हे बघायची सोय राहिली नव्हती.

आणि नेमका आता जाकार्ताहून दुकानदार बाईंचा, बू हाजी रोहानींचा, फोन आला. दोन वर्षांपूर्वी नागवेलीची किनार असलेले मुकेना इमासने त्यांना दिले होते, बायका नमाजाला घालतात ती पांढरी वस्त्रं. तीच वेल, तस्सीच, ईदेच्या आधी हवी होती.

"दुसरी वेल चालणार नाही बरं का," बू हाजी म्हणाल्या. "आईने घेतलंय, आता लेकीला तसंच हवंय. पानाचा वळसा इकडचा तिकडे झाला तरी बायका ओळखतात. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरीकडे बघते."

"जमेल, बू," इमास म्हणाली. जमणार कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की हे काम गेलं तर मशीन विकावी लागेल. खालच्या गल्लीतला एक जण येऊन दाराची रुंदी मोजूनही गेला होता, मशीन त्यातून बाहेर निघेल का म्हणून. गावातल्या दुसऱ्या पंचिंगवाल्यांना तिने विचारून पाहिलं होतं. रोजांचा महिना म्हणजे त्यांची सुगी, त्यांना मान वर करायला वेळ नव्हता. "ईद झाल्यावर या," सगळ्यांनी एकच सांगितलं.

दुपारी दार्साची थोरली बहीण आली, चेऊ एन्तीन. चेऊ म्हणजे आक्का. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी बाई. पण भावाला झटका आल्यापासून एक दिवस चुकली नव्हती, हेही खरं. आल्या आल्या तिने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

"दाखव. काय नावं दिलीत माझ्या भावाने?"

इमासने यादी उघडली. मशीनला लांब नावं चालत नाहीत, म्हणून सगळी नावं आखूड. 'झालं'. 'झालं दोन'. 'झालं नवं'. 'झालं नवं दोन'. 'खरंच झालं'. मधे नुसते आकडे. खाली पुन्हा 'झालं'.

"अगं बाई," एन्तीन म्हणाली. "याचं लहानपणापासून असंच. गृहपाठ झाला का, झाला. बघितलं तर वही कोरी."

"कांग," इमासने पलंगाकडे वळून नवऱ्याला हाक मारून विचारलं, "नागवेल कशात आहे?"

पलंग मशीनच्या शेजारीच होता, कारण मशीन चालू असली तरच दार्साला झोप लागायची. तो उशीला टेकून दोघींकडे बघत होता. "एन्या," तो म्हणाला.

"घ्या," एन्तीन म्हणाली. "तू पण कुणाला विचारतेस. तुला पुरून टाकू का विचारलंस तरी हो म्हणेल तो."

इमास पडद्याकडे वळली. उपाशी पोटी भांडायला जोर लागतो.

'खरंच झालं' हीच असणार, असं दोघींचंही मत पडलं. इमासने त्यावर दोनदा टिचकी मारली. कशात उघडू, असं कॉम्प्युटरने विचारलं आणि प्रोग्रॅमची यादी पुढे केली. "नोटपॅड घे," एन्तीन म्हणाली, "माझी पोर सगळं त्यातच उघडते." नोटपॅड उघडलं. पहिल्या ओळीत फाइलीचं नाव आणि एक आकडा वाचता आला, टाक्यांचा असावा. त्याखाली नुसता चिवडा: चौकोन, टोप्या घातलेली अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच मोकळी जागा, पुन्हा चौकोन.

"ही कुठली भाषा म्हणायची?" एन्तीन पडद्याला नाक लावून म्हणाली. "रोजांच्या महिन्यात सैतान सगळे बांधून ठेवलेले असतात म्हणे. एक इथे सुटा राहिलाय वाटतं."

पलंगावरून दार्सा "एन्या, एन्या, एन्या" करायला लागला. त्याला पाणी हवं असेल म्हणून इमास उठली, तिने त्याला दोन घोट पाजले, आणि ती परत येईपर्यंत एन्तीनने खाली काही वाचता येतंय का ते बघायला कळा दाबदाबून पाहिल्या होत्या. वाचण्यासारखं काही नव्हतं. इमासने खिडकी बंद केली. बदल साठवून ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो दाबलं. कॉम्प्युटर काहीही विचारो, ती होच दाबायची, नाही म्हटलं की तो आणखी चार प्रश्न विचारतो, असा तिचा अनुभव. घरात नवरा सगळ्यांना हो म्हणायचा आणि बायको कॉम्प्युटरला.

"ही नासलेली आहे," एन्तीनने निकाल दिला. "व्हायरस बसलाय हिच्यात. बाकीच्या बघ."

बाकीच्या बघायचा एकच मार्ग होता. फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, मशीनला लावायची, एकाच डोक्यावर टाकाऊ कापड ताणायचं आणि शिवून काढायची. जे उमटेल ते बघायचं. घशाला कोरड पडलेली, डोळ्यांपुढे काजवे, आणि इमास मशीन ते कॉम्प्युटर अशा फेऱ्या मारत होती. पहिली फाइल नुसती नक्षीची किनार निघाली. दुसरी कुणाच्या तरी शाळेचं चिन्ह. तिसरी तीच किनार, जरा मोठी.

"बघितलेल्या ठेवू नकोस," एन्तीन म्हणाली. "सगळ्यांची नावं सारखी, परत त्याच शिवत बसशील. शिवाय तो बघ लाल पट्टा. कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलाय तुझा, म्हणून असा रडत चालतो. उडव जुनं सगळं."

यात चूक काय ते इमासला सापडेना. कॉम्प्युटर खरंच रडत चालत होता, आणि शाळेचं ते चिन्ह पुन्हा कोण मागायला येणार होतं? पण फाइली तिच्या नव्हत्या. म्हणून ती दर वेळी शिवलेला तुकडा पलंगापाशी नेऊन दार्साच्या डाव्या हातात द्यायची.

"कांग, ही उडवू का?"

"एन्या."

मग ती परत जाऊन फाइल कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह दोन्हींवरून उडवायची आणि तुकडा तेल पुसायच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मोर निघाला, तो बऱ्यापैकी मोठा होता. "ही उडवू?" "एन्या." तिने तुकडा घ्यायला हात पुढे केला तर दार्साने तो सोडला नाही. आजकाल तो हाती येईल ते धरून ठेवायचा, उशीचा कोपरा, चमचा, तिच्या बाहीचं टोक. तिने त्याची बोटं एकेक करून उकलली. जास्वंदीच्या किनारीलाही तेच झालं, आणि एका इवल्याशा फुलालाही, जे कधी कुठे शिवलं होतं ते तिला आठवेना. "सोडा हो," ती म्हणाली, "मला अजून ढीगभर बघायच्यात." त्याने सोडलं.

एन्तीनने तोवर पडद्यावरची कचरापेटी रिकामी करून टाकली होती. "भरली होती. ती रिकामी केल्याशिवाय जागा होत नाही, माझी पोर सांगते."

लाल पट्टा मात्र होता तिथेच होता. इमासने डोळे बारीक करून पाहिलं. दार्साच्या फाइली मुंगीएवढ्या होत्या, अशा हजार उडवल्या तरी कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागला नसता. सगळी जागा अडवून बसला होता एन्तीनच्याच पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ. गेल्या वर्षी तिनेच आणून इथे ठेवला होता, तुमच्याकडे जागा आहे म्हणून.

इमासने ते वाचलं आणि ती मागे टेकली. चिडायचं तर होतं, पण चीड पायांतून वर यायलाच तयार नव्हती.

"तो राहू दे," एन्तीन घाईने म्हणाली. "लग्न एकदाच होतं." मग तिला आठवलं की संध्याकाळचं केळ्याचं गोड अजून शिजवायचं आहे, आणि ती गेली. जाताना भावाच्या केसांवरून हात फिरवून गेली.

यादीत आता एकच फाइल उरली होती, नासलेली. इमासने ती मशीनला लावली. बसून राहण्यापेक्षा बरं, एवढ्याच विचाराने.

पहिला देठ उमटला तेव्हाच तिने ओळखलं. नागवेल. देठाचा तो आळसावलेला बाक दुसऱ्या कुणाच्या हातचा असणं शक्य नव्हतं. पण पहिल्या पानाच्या अर्ध्यात सुई घसरली. एक टाका नीट, पुढचा वर, पुन्हा एक नीट, पुन्हा वर. कुणी चालत्या माणसाची बाही धरून एकाच बाजूला ओढावं, तशी वेल कापडाच्या वरच्या कडेकडे ओढली जात होती. पानावर पान चढलं, दोऱ्याचा गुंता झाला, सुई मोडली आणि मशीन थांबली.

इमासला लगेच कळलं. दुपारी उघडेपर्यंत फाइल धड होती. चौकोन आणि टोप्यांचा तो चिवडा हीच वेल होती, सुईच्या भाषेतली. तो बिघाड समजून आपण उघडला आणि बंद करताना हो दाबलं. काय बदललं ते तिला सांगता आलं नसतं. पण बदल साठवू का असं विचारलं होतं, आणि साठवला तो आपणच. दुसरी प्रत कुठे असणार? नवरा सगळ्यांना 'झालं' नाव देत बसला होता.

तिने गुंता कात्रीने सोडवला, कापड काढलं आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसली. खूप थकली होती ती. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं.

"कांग," ती म्हणाली, "तुमची वेल घालवली मी. ही एकच राहिली होती. उडवू आता हिलाही?"

"एन्या," दार्सा म्हणाला.

तिने तुकडा ओढला. तो आला नाही. तिने पुन्हा ओढला, तर दार्साने डावा तळवा त्यावर पालथा ठेवला आणि दाबून धरला. आठ महिने ती त्याच्या तोंडाकडे बघत आली होती. आज पहिल्यांदा तिने हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. आखडलेला हात असा नसतो, धरलेला हात असा असतो.

तिने तुकडा सोडला. दार्साने तळवा उचलला, एक बोट पुढे केलं आणि वेलीच्या अगदी बुडाशी टेकवलं, सुई जिथून सुरू झाली होती बरोबर तिथे. बोट देठावरून वर गेलं, अर्ध्यावर थांबलं, त्याच वाटेने खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग पान. पानाच्या मध्यावर जिथे दोरा घसरून वर पळाला होता तिथे बोट दोऱ्यामागे गेलं नाही. ते कोऱ्या कापडावर उतरलं आणि चालत राहिलं. पानाचं टोक, वळसा, परत देठ. तिथे त्याने नखाने टक् केलं, बोट उचललं आणि दोन इंच पलीकडे पुन्हा टेकवलं.

टक् म्हणजे इथे दोरा कापायचा. इमासला ते कुणी सांगावं लागलं नाही.

ती उठली, शिंप्याचा खडू घेऊन आली आणि त्याच्या बोटामागे खडू चालवू लागली. उजव्या हाताने जन्म काढलेला माणूस, पण त्याचा डावा हात एकदाही वाट चुकला नाही. शेवटचं टक् झालं तेव्हा कापडावर पांढऱ्यावर निळी, आख्खी नागवेल होती. तिने बू हाजींना फोन लावला. कॉम्प्युटरच्या मशीनवरची होणार नाही, पायाच्या मशीनवर करून देते, थोडीच होतील, पण वेल तीच असेल, असं सांगितलं. "एक करून दाखव," बू हाजी म्हणाल्या. "मग ठरवते." मशीन वाचली असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

फोन ठेवला आणि मग तिला मोर आठवला. जास्वंदीची किनार आठवली, आणि ते इवलं फूल. तेव्हाही त्याने धरलं होतं, आणि तिने बोटं उकलली होती.

ती कॉम्प्युटरकडे गेली. कचरापेटी रिकामीच होती. तिने लग्नाचा व्हिडिओ शोधला आणि कुणालाही न विचारता उडवला. एन्तीनच्या फोनवर तो होताच, अख्ख्या गावाला तिने तो दाखवला होता. खात्री आहे का, कॉम्प्युटरने विचारलं. हो. लाल पट्टा क्षणात निळा झाला. आता तिथे जागाच जागा होती आणि ठेवायला काही नव्हतं.

चिंध्यांच्या टोपलीत तिने हात घातला. मोर तेलाने अर्धा काळा झाला होता, एन्तीनने त्याला हात पुसले असावेत. जास्वंद चुरगळली होती. फूल तळाशी होतं. तिने तिन्ही तुकडे झटकले आणि पलंगावर त्याच्यापुढे मांडले. मशिदीतला नगारा वाजला, रोजा सोडायची वेळ झाली, पण ती उठली नाही.

"या मी उडवल्या," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणत होतात ना?"

"एन्या," दार्सा म्हणाला.

आठ महिन्यांत पहिल्यांदा हा हो खरा आहे, अशी तिची खात्री पटली. दार्साच्या बोटाने तेलकट मोर बाजूला सारला, खडूची वेल तिच्याकडे ढकलली आणि बुडाशी, जिथून सुरुवात करायची तिथे, टक् केलं.

"पाणी तरी पिऊ द्या," इमास म्हणाली. मग ती पाणी प्यायली, तिने त्यालाही पाजलं, आणि पायाच्या मशीनवरचं फडकं काढलं.